पाच शब्द

बसड्रायव्हर आरडाओरडा करून निघून गेला होता, पण त्याचा चष्मा जेवणाच्या टेबलावर पडून होता. थोरल्याने तो मुद्दाम खालच्या चष्म्यांच्या दुकानातून वर घरी आणला होता. रविवारची दुपार होती. अण्णा आतल्या खोलीत झोपले होते आणि बाकीचे चौघे त्या चष्म्याभोवती बसले होते.

"डाव्या डोळ्याची काच उजवीकडे आणि उजव्याची डावीकडे," थोरला आवाज दाबून म्हणाला. "आपल्या दुकानातून आजवर असा चष्मा बाहेर पडलेला नाही. अण्णांच्या हातून तर नाहीच नाही."

"मग एकदा पडला," धाकटी म्हणाली. परगावच्या ग्रंथालयातल्या नोकरीतून रजा काढून, दादाचा फोन आला म्हणून ती सकाळच्या गाडीने आली होती आणि आल्यापासून तिचं तोंड उतरलेलं होतं. "माणूस आहेत ते, यंत्र नाहीत. तुझं कधी चुकत नाही वाटतं?"

"माझं चुकलं तर मला कळतं तरी. अगं, तो माणूस बस चालवतो! समोरचा खांब किती लांब आहे त्याचा त्याला अंदाज येईना. बस खांबाला घासली, तेवढ्यावर निभावलं. खांबाच्या जागी कुणी उभं असतं तर?"

माई मटार सोलत होती. तिचं नख शेंगेत तसंच रुतून राहिलं. हाच प्रश्न सकाळपासून तिच्या मनात होता; थोरल्याने तो नुसता बोलून दाखवला.

सूनबाई शाळेत शिकवायची. चढ्या आवाजात बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती म्हणाली, "माई, गेल्या आठवड्यात अण्णांनी एका बाईंचे डोळे तपासले. नंबर लिहून दिला. बाई पर्स आवरत होत्या, तेवढ्यात परत म्हणाले, बसा, तपासू या. सगळं पहिल्यापासून. तेच विनोद, तसेच. बाई खूष! म्हणाल्या, एवढ्या काळजीने कुणी तपासत नाही हो."

धाकटी हसली. कुणीच सोबत हसत नाही हे लक्षात आल्यावर थांबली.

"वय झालंय त्यांचं," ती म्हणाली. "बहात्तराव्या वर्षी तू काय दिवे लावणार आहेस ते बघूच."

"मी गुरुवारची वेळ घेतलीय," थोरला म्हणाला. "मोठ्या हॉस्पिटलात, मेंदूच्या डॉक्टरांची. माई, तू बोल ना काहीतरी. तू तर दिवसभर त्यांच्याजवळ असतेस."

माई काय बोलणार? आठ महिने ती दुकानात गल्ल्यामागच्या स्टुलावर बसत होती. घरात बसून कंटाळा येतो, हे तिने सगळ्यांना सांगितलेलं कारण. मांडीवर एक छोटी वही असायची. दारातून गिऱ्हाईक आत आलं की ती वहीत बघून हळूच पुटपुटायची, "वकीलसाहेब. वाचायचा चष्मा. मुलगी परदेशात." आणि अण्णा लगेच उठून, "या या वकीलसाहेब, मुलीची काय खबर?" नवरा-बायकोत याबद्दल एक शब्दही झालेला नव्हता. ती सांगायची, ते उचलायचे. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी बरंच काही न बोलता निभावलं होतं, त्यात हे एक.

"झोप नीट होत नाही त्यांची हल्ली," ती म्हणाली. "त्याचंच असेल."

"कशाची सभा भरलीय?"

अण्णा दारात उभे होते. केस विस्कटलेले, गालावर उशीची वळी उमटलेली. त्यांनी टेबलाजवळ येऊन चष्मा उचलला, खिडकीकडे धरून एकेका काचेतून बघितलं आणि पाव मिनिटात खाली ठेवला.

"उलटा बसवलाय," ते म्हणाले. "कुणी केलं हे?"

 अण्णांनी एकेकाचं तोंड पाहिलं. माईला वाटलं, आपण उठून जावं. 

"मी?" अण्णांनी विचारलं.

थोरल्याने होकाराची मान हलवली. मग खालमानेनेच गुरुवारचं सांगितलं. आता घर डोक्यावर घेतील म्हणून सगळे श्वास धरून बसले. पण अण्णा म्हणाले, "जाऊ की. डॉक्टर काय मला खातोय?" आणि चहा टाक म्हणाले.

थोरल्याने सुटकेचा श्वास सोडला. माईला मात्र ते खटकलं. साध्या तापाला डॉक्टरकडे न जाणारा हा माणूस इतक्या सहजी हो म्हणाला कसा?

*

ते तिला मंगळवारी दुपारी कळलं. दुकान जेवणाच्या सुट्टीसाठी बंद होतं. थोरला काचा आणायला घाऊक बाजारात गेला होता. माई अण्णांना बोलवायला मागच्या जिन्याने खाली उतरली, तर डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीतून, पडद्यामागून आवाज येत होता.

"सुई. बाग. पत्र." अण्णा थांबले. "लिंबू."

"आणि रंग?" हा धाकटीचा आवाज.

"निळा."

"शाब्बास! आता शंभरातून सात सात वजा करत खाली या. मग परत विचारते."

माईने पडदा बोटभर सरकवला. गिऱ्हाईकाच्या उंच खुर्चीत अण्णा बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेतल्या मुलासारखे. समोर धाकटी कागद घेऊन उभी. तिने फोनवरून शोधून कुठूनतरी डॉक्टर घेतात त्या स्मरणशक्तीच्या तपासणीची प्रश्नपत्रिका उतरवून घेतली होती. घड्याळाचं चित्र होतं, प्राण्यांची नावं होती, आणि ते पाच शब्द.

याच खोलीत अण्णांनी किती जणांना पकडलं होतं! परवान्यासाठी येणारे ड्रायव्हर अक्षरांच्या तक्त्यातली शेवटची ओळ बाहेरच पाठ करून यायचे आणि आत डोळे मिटून घडाघडा म्हणायचे. अण्णा काही न बोलता तक्ता फिरवायचे. माणूस अडखळला की म्हणायचे, "मला फसवशील रे, रस्त्याला कसं फसवशील?" ही गोष्ट ते पाहुण्यांना रंगवून सांगत. आणि आज त्याच खुर्चीत बसून ते स्वतः ओळ पाठ करत होते.

माई आवाज न करता परत वर आली. धाकटी वर आली तेव्हा माईने तिला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटून घेतलं.

"हे काय चालवलंयस तू?"

धाकटीला सगळं समजलं. तिने नाकारलं नाही. ओट्याला टेकून ती नुसती उभी राहिली.

"अण्णाच म्हणाले मला. 'बाळ, मला पास कर.' माई, त्यांनी आयुष्यात कधी कुणाकडे काही मागितलंय का गं?"

"अगं, पण डॉक्टरला खोटं सांगून काय मिळणार? औषध तरी कशावर देतील?"

"औषध!" धाकटीचा आवाज चिरकला. "आजोबांना कुठलं औषध दिलंत तुम्ही? मी सात वर्षांची होते. तुम्ही सांगायचात, आजोबा हवापालटाला गेलेत. ते मागच्या खोलीत होते, माई. मी जिन्यावर बसून ऐकायचे. ते कुणाला तरी हाका मारत असायचे आणि मग बाहेरून कडी लागल्याचा आवाज यायचा. मला आजही कुठे कडी वाजली की..." तिने तोंडावर हात दाबला. "आणि गेल्या महिन्यात मी ग्रंथालयात खुर्चीवरून उठले, दोन कपाटं ओलांडून गेले आणि कशाला उठले तेच आठवेना. दरदरून घाम फुटला मला. अण्णांना झालंय म्हटलं तर उद्या मला. त्यांना नाही, तर मलाही नाही. म्हणून शिकवतेय. आता बोल."

माईला रागवायचं होतं, पण कोणत्या तोंडाने? मांडीवरची वही तिचीच होती. सासऱ्यांच्या खोलीत चार वर्षं ताट घेऊन जाणारीही तीच होती. तिने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"दादाला काही बोलू नकोस," धाकटी म्हणाली.

"नाही बोलत," माई म्हणाली.

त्या दुपारपासून घरात दोन बाजू झाल्या. एकीकडे अण्णा, माई आणि धाकटी. दुसरीकडे थोरला आणि सूनबाई. जेवताना थोरला वाटी पुढे करायचा आणि धाकटी दुसरीकडे बघायची. माईला आपल्या पोटच्या पोराच्या डोळ्याला डोळा देववेना.

*

गुरुवारी हॉस्पिटलच्या लांब व्हरांड्यात ते चौघे ओळीने बसले. सूनबाईला शाळा होती. अण्णांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांचे ओठ सारखे हलत होते. थोरला अर्ज भरत होता. त्याला वाटलं, देवाचं नाव घेतायत. माईला शब्द ऐकू येत नव्हते, तरी एकेक कळत होता. सुई. बाग. पत्र. समोरच्या बाकावर एक म्हातारी आपल्या मुलाला पुन्हा पुन्हा विचारत होती, "आपण कुठे आलोय रे?" आणि तो दर वेळी तेच उत्तर देत होता. अण्णांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

डॉक्टर तरुण बाई होत्या. फक्त एकानेच सोबत आत यायचं म्हणाल्या. अण्णांनी माईचा हात धरला. 

सुरुवात छान झाली. वार, महिना, साल त्यांनी खाडकन सांगितलं. बाहेरच्या खिडकीवर मिळालेली पावती ते मघा बराच वेळ वाचत होते, हे माईने पाहिलं होतं. घड्याळाचं चित्र काढलं, काटे जागच्या जागी. डॉक्टर म्हणाल्या, "आता पाच शब्द सांगते. माझ्यामागून म्हणा, आणि लक्षात ठेवा, नंतर विचारीन. घंटा, शाल, पूल, गाजर, पिवळा."

 शब्द वेगळे होते.

"घंटा, शाल, पूल, गाजर, पिवळा," अण्णा म्हणाले. एकही चुकला नाही. माईने डोळे मिटून श्वास सोडला. मग शंभरातून सात वजा करणं झालं, चित्रातले प्राणी झाले, एक लांब वाक्य झालं. पाचेक मिनिटं गेली असतील.

"बरं काका, मघाचे पाच शब्द आठवतायत?"

अण्णा ताठ बसले. गिऱ्हाईकाच्या डोळ्याला काच बरोबर लागली की त्यांच्या तोंडावर जे हसू यायचं, ते आलं.

"सुई, बाग, पत्र, लिंबू, निळा."

डॉक्टरांचं पेन थांबलं.  अण्णांनी डॉक्टरांकडे पाहिलं, मग माईकडे. हसू अजून तोंडावरच होतं, पण डोळ्यांतून ते उतरत चाललं होतं.

"बरोबर ना?" त्यांनी विचारलं. डॉक्टरांना नाही, माईला.

पन्नास वर्षांत माईला इतकी भीती कधी वाटली नव्हती. ते विसरले याची नव्हे, विसरायला तर ते गेलं वर्षभर विसरत होते. पण चुकीचं उत्तर इतक्या खात्रीने देणारा हा माणूस आपल्याकडे आधारासाठी बघतोय आणि आपण हो म्हणालो तर तो विश्वास ठेवील, याची.

"नाही हो," ती म्हणाली. "ते घरचे शब्द होते."

आणि मग तिने सगळं सांगितलं. वही, पुटपुटणं, आठ महिने, बसड्रायव्हर, तपासणीच्या खोलीतली शिकवणी. बोलताना ती टेबलाच्या कडेकडे बघत होती. बाजूला बघण्याची तिची छाती होत नव्हती. बोलून झाल्यावर अण्णांनी घसा खाकरला. 

"डॉक्टर, माझ्या वडिलांना मी चार वर्षं खोलीत ठेवलं. कडी मीच लावायचो. कुणाला दाखवलं नाही. चष्मेवाल्याच्या घरात असलं काही आहे कळलं तर लोक डोळे दाखवायला येणार नाहीत म्हणून." ते थांबले. "मला घरी ठेवतील ना? म्हणजे... उघड्या दाराच्या घरात?"

 डॉक्टर खुर्ची पुढे ओढून अण्णांच्या समोर बसल्या.

"काका, तुमच्या वडिलांना कुणी तपासलंच नाही. तुम्ही इथे आला आहात, तेवढा फरक पहिल्याच दिवशी पडलाय. आज मी तुम्हाला काहीही नाव देणार नाही. विसरायला अनेक गोष्टी कारण होतात, काही अगदी बऱ्या होणाऱ्या. रक्त तपासू, डोक्याचा फोटो काढू. रोज काय काय गोळ्या घेता?"

गोळ्यांची यादी माईने सांगितली. रक्तदाबाची, आणि सर्दीची एक, झोप चांगली लागते म्हणून गेली दोन वर्षं रोज. डॉक्टरांनी ती दुसरी तिथल्या तिथे बंद करायला सांगितली. "हिच्याने या वयात डोक्यावर धुकं चढतं. सगळं हिच्यामुळेच आहे असं नाही म्हणत. पण आधी ही जाऊ दे."

*

बाहेर आल्यावर लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पार्किंगमध्ये, बाकीचे गाडीत बसायच्या आधीच, माईने थोरल्याला सांगून टाकलं. अण्णा मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. थोरला लाल झाला.

"म्हणजे तुम्ही तिघं मिळून मला येडा बनवत होतात! मी वेळ घेतो, मी दुकान बंद ठेवतो, आणि ही बाई इकडे शिकवणी घेतेय!"

"तुला दुकान हवंय म्हणून घाई झाली होती," धाकटी उसळून म्हणाली.

 थोरला गाडीच्या टपावर हात ठेवून उभा राहिला, आणि माईला दिसलं की त्याची हनुवटी थरथरतेय. लहानपणी मार खाल्ल्यावर थरथरायची तशी.

"दुकान!" तो म्हणाला. "वर्षभर मी काय करतोय ठाऊक आहे? संध्याकाळी अण्णा वर गेले की त्यांनी बनवलेला प्रत्येक चष्मा परत तपासतोय. आठवड्याला दोन-तीन उलटे निघतात. दुरुस्त करून त्याच डबीत ठेवून देतो. बायकोलाही बोललो नाही. त्या दिवशी मला ताप होता गं. एकच दिवस मी खाली उतरलो नाही, आणि त्याच दिवशी बसड्रायव्हर चष्मा घेऊन गेला."

धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माई गाडीच्या दाराला धरून उभी राहिली. ती स्वतः वहीतून नावं पुरवत होती, थोरला काचा बदलत होता, धाकटी शब्द पाठ करून घेत होती. एकाच छताखाली तिघांनी तीन ठिकाणी हात लावून एकच भिंत धरून ठेवली होती, आणि कुणी कुणाला हाक मारली नव्हती.

"दादा," धाकटी म्हणाली, "मला काय माहीत..."

"तुला कसं माहीत असणार? मी सांगितलं कुठे?"

मागची काच खाली झाली. "झालं का तुमचं?" अण्णा म्हणाले. "झालं असेल तर घरी चला. आणि यापुढे माझ्याबद्दल बोलायचं तर मला तुमच्यात उभं करून बोला. काचेआडून सगळं ऐकू येतं."

पुढचे तीन आठवडे घरात कुणाला धड घास गेला नाही. सर्दीची गोळी बंद झाली; अण्णांना सकाळी जरा तरतरी वाटायला लागली. रक्तात एक जीवनसत्त्व फार कमी निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू झाली. एके दिवशी त्यांनी वकीलसाहेबांना स्वतःहून ओळखलं, आणि माईने ती बातमी धाकटीला फोनवर सांगितली तेव्हा दोघी मिनिटभर रडल्या. माईला वाटलं, सुटलो. वाटायचं, आणि लगेच ध्यानात यायचं, की आपण आशा लावून बसलोय.

दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी सगळ्यांना आत घेतलं, त्यासाठी पुन्हा आलेल्या धाकटीलाही. फोटो लावला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. गोळी आणि जीवनसत्त्व यांनी बरंच धुकं केलं होतं, ते विरलं. पण त्याच्याखाली आजार आहे. सुरुवातीचा. थांबवता येणार नाही. औषधांनी काही काळ सावरून धरता येईल. कामं आता वाटून घ्या, महत्त्वाचे निर्णय त्यांना विचारून आत्ताच घ्या.

"किती वेळ आहे?" अण्णांनी विचारलं.

"कुणाची काही वर्षं फार बरी जातात. तुमची किती, ते मला सांगता येणार नाही. दर सहा महिन्यांनी या, बघत राहू." मग त्या माईकडे वळल्या. "मावशी, त्यांना शब्द अडला की लगेच पुरवू नका. शोधू द्या. त्यांनी मागितला, तर मात्र द्या."

धाकटीने जाता जाता दाराशी थांबून स्वतःबद्दल विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "खुर्चीवरून उठून विसरणं मलाही होतं. तरी भीती वाटत असेल तर वेळ घ्या. पाठ न करता या."

त्या रात्रीची जेवणं लवकरच मांडली. अण्णांनी ताटावर बसल्या बसल्या सांगून टाकलं, की उद्यापासून काचांच्या यंत्राला ते हात लावणार नाहीत. डोळे तपासतील, पण थोरला शेजारी उभा राहील आणि नंबर तोच लिहील. थोरल्याने नुसती मान हलवली.  मग अण्णाच सूनबाईला दुकानाची पाटी लावली त्या दिवसाची गोष्ट सांगायला लागले.

"मी वर चढलेलो, हातात हातोडा. खाली तुझी सासू, हिला म्हटलं घट्ट धर. समोरून बँड आला, आणि हिने बँड बघायला मान वळवली. झालं! मी आणि ती... ती..."

ते थांबले. हात हवेत एकाखाली एक अशा पायऱ्या दाखवत राहिला.

"ती चढायची असते ती. लाकडाची."

माईच्या जिभेवर शब्द आला. तिने ओठ घट्ट मिटले आणि टेबलाखाली पदर मुठीत आवळला. सूनबाईने पाण्याचा पेला उचलला आणि तसाच धरून ठेवला. धाकटी ताटाकडे बघत होती. अण्णांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी पळत होतं, एकीकडून दुसरीकडे. माईला वाटलं, आता ताट सारून उठतील, नाहीतर थोरल्यावर डाफरतील, नाहीतर हसून गोष्ट दुसरीकडे वळवतील. वर्षभर ते हेच करत आले होते.

अण्णांनी हात खाली घेतला आणि थोरल्याकडे पाहिलं.

"नाही सापडत," ते म्हणाले. "सांग."

"शिडी, अण्णा."

"हां, शिडी. मी आणि शिडी, दोघं हिच्या अंगावर," अण्णा म्हणाले, आणि गोष्ट पुढे सांगू लागले.